सातव्या चिऱ्याचा फुगवटा

माझ्या शेजाऱ्यावर मी नऊ महिने रागावलेला होतो. तो राग चुकीचा होता. त्यानंतर मी त्यांच्यावर पुन्हा रागावलो. तो राग बरोबर होता आणि अजून गेलेला नाही. ते वारले त्याला दीड वर्ष झालं. मेलेल्या माणसाचं फक्त चांगलंच लिहायचं असेल तर ते काम दुसऱ्या कुणीतरी करावं.

ते निवृत्त मोजणीदार होते. खारेपाटणपासून आंबोलीपर्यंत कितीतरी भावक्यांच्या जमिनी त्यांनी साखळीने मोजल्या होत्या. आंबोलीच्या पावसात छत्री स्वतःवर न धरता नकाशाच्या फळीवर धरली म्हणून आपल्याला न्यूमोनिया झाला, हे ते पदक मिळाल्यासारखं सांगत. वाडी त्यांना अण्णा म्हणायची. ते मात्र कुणालाच नावाने हाक मारत नसत. माझी जमीन त्यांच्या जमिनीला लागून, म्हणून मी 'लगतधारक'. माझी बायको 'लगतधारकीण'. मासे विकायला येणारी बाई रोज त्यांच्या आवारातून पलीकडच्या वाडीत जायची, म्हणून ती 'वहिवाट'. "वहिवाट इली काय गो आज?" असं ते माझ्या बायकोला मधल्या गडग्यावरून, म्हणजे कुंपणाच्या बुटक्या भिंतीवरून, विचारत आणि ती बाई टोपली उतरवता उतरवता म्हणे, "इली इली. बंद करून दाखवा बघूया."

चालताना पावलं मोजायची त्यांना सवय होती. त्यांच्या पायरीपासून माझ्या बेड्यापर्यंत, म्हणजे आवाराच्या फाटकापर्यंत, एकेचाळीस पावलं. एकदा त्रेचाळीस भरली तेव्हा ते परत फिरून पुन्हा चालत आले. बायको वारल्यावर मुलीने बेळगावला न्यायचा प्रयत्न केला, तर म्हणाले, "थयसर माझी एक पण हद्द नाय, मी करतलंय काय?" लग्नाच्या मांडवात ते आले की मांडववाला खांब तपासायला धावायचा. जेवायला बसण्याआधी ते एका कडेला उभे राहून डावा डोळा मिटत आणि उजव्याने खांबांची रांग बघत. तीन बोटं बाहेर असलेला खांब त्यांनी एकदा भर मुहूर्ताच्या वेळी सरकवायला लावला होता. नवरदेव पाटावर उभा, अंतरपाट धरलेला, आणि हे म्हणतायत, "वायच डावीकडे. अजून. हां, आता लावा लगीन."

डावा डोळा मिटणं हे त्यांचं सगळ्यात मोठं वैशिष्ट्य. पस्तीस वर्षं दुर्बिणीला आणि नेमपट्टीला उजवा डोळा लावून तो मिटायची सवय जडली होती. पेपर वाचताना मिटत, माशाचा भाव ऐकताना मिटत, आणि समोरचा खोटं बोलतोय असा संशय आला की हमखास मिटत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "दोन डोळे म्हणजे दोन मतां. मोजणीदाराक एकच मत व्हया."

दुसरं त्यांचं नेहमीचं वाक्य, "सही झाली, विषय संपलो." मोजणी झाली, जबाबावर सगळ्यांच्या सह्या झाल्या, की मग कुणी कितीही रडत आलं तरी ते साखळी गुंडाळून भाकरी सोडून बसत. सख्खा भाऊ आला असता तरी पुन्हा मोजलं नसतं. ही त्यांची कीर्ती होती. तिचा मला पुढे इतका त्रास होईल असं वाटलं नव्हतं.

मी स्वतः बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात नोंदी ठेवतो. किती लाद्या निघाल्या, किती होड्यांवर गेल्या, किती वितळल्या. वितळलेल्यांचाही आकडा लागतो. त्यामुळे आम्हा दोघांचं जमायला हवं होतं. बारा वर्षं जमलंही.

मग एका वर्षी, शिमग्याचे खेळे दारात येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, त्यांनी गडग्यावरून हाक मारली.

"रे लगतधारका! गडगो सरकवलस?"

आमच्या दोघांच्या मधला गडगा चिऱ्यांचा, म्हणजे जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांचा, आहे. लांबी सेहेचाळीस फूट. माझ्या वडिलांच्या वेळचा. तो सरकवायचा तर चार गडी आणि दोन दिवस लागतील.

"कोणी सरकवलो, अण्णा? मी?"

"मग काय मी? सातव्या चिऱ्याकडे पोट सुटला आसा. माझ्या बाजून."

"पोट ह्यांचा सुटलाहा," माझी बायको आतून म्हणाली. "गडग्याचा नाय."

आम्ही हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी डावा डोळा मिटला आणि माझ्याकडे बघितलं. बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे तसं बघितलं होतं.

पहिले दोन महिने मी समजावण्यात घालवले. टेप लावून दाखवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळी ताणून दाखवली. सुतळी सातव्या चिऱ्याला चिकटून गेली होती, मधे कागदसुद्धा सरकत नव्हता. गडग्याची रेघ बघायला ते आपल्या आवारातल्या ठरलेल्या दगडावर उभे राहिले, डावा डोळा मिटला आणि म्हणाले, "तुझी सुतळी पण वाकडी आसा."

हे वाक्य मी इथे मुद्दाम वेगळं काढून लिहितो. ताणलेली सुतळी वाकडी असू शकत नाही. हे मला माहीत होतं. हे तर त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं, त्यांची सगळी नोकरी याच एका गोष्टीवर उभी होती. त्या क्षणी आम्हा दोघांपैकी एकाने थांबून विचारायला हवं होतं की मग वाकडं काय आहे. मी काय केलं? मी ओरडलो. "दोन्ही डोळ्यांनी बघा जरा, अण्णा!" ते म्हणाले, "तू माका बघूक शिकवतंस?" आणि आत गेले. माझ्या तोंडून बरोबर उपाय निघाला होता, पण शिवी म्हणून निघाला होता.

त्यानंतर बोलणं बंद. माझ्या घरावरून जाताना ते छत्री उघडून माझ्या बाजूला धरत, उन्हात आणि पावसात सारखीच. गणपतीला आले नाहीत. मी त्यांच्याकडे गेलो नाही. मुलीला बेळगावला फोन करून त्यांनी सांगितलं की शेजाऱ्याने जमीन खाल्ली. तिने मला फोन केला, घाबरत घाबरत, "काका, खरंच काही..." मी तिला गडग्याची मापं पाठवली, टेपच्या फोटोसकट. चार फोटो. त्यांच्या डोळ्यांबद्दल एक शब्द विचारला नाही. तिनेही विचारला नाही.

शेवटी त्यांनी सिंधुदुर्गनगरीला जाऊन अर्ज दिला. एसटीने गेले, आले. हद्द कायम करायला जो भूकरमापक आला तो कधीकाळी त्यांच्या हाताखाली शिकलेला. बिचारा यंत्र लावायच्या आधी त्यांच्या पाया पडला. दीड तास मोजलं. गडगा होता तिथेच होता, एक इंच इकडे नाही की तिकडे नाही. तो म्हणाला, "सर, बरोबर आहे सगळं." त्यांनी यंत्राकडे बघितलं, गडग्याकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला की त्याची आठवण मला नको आहे. पण तेव्हा मला आनंद झाला होता. तेही लिहिलं पाहिजे.

मी तिथेच कागद मागितला. वाडीतली चार माणसं जमली होती, ती म्हणाली, "जांव दे रे, म्हातारो माणूस." मी ऐकलं नाही. नऊ महिने मला चोर म्हटलं होतं. मी मजकूर सांगितला, त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिला:

'आमच्या दोघांमधील गडगा मोजणीअंती सरळ आढळला. यापुढे गडगा वाकडा असल्याबद्दल मी तक्रार करणार नाही.'

मी म्हटलं, "'तोंडी वा लेखी' घाला. तोंडी वा लेखी तक्रार करणार नाही." त्यांनी तक्रार या शब्दाआधी वर काकपद करून तीन शब्द घातले, त्यावर छोटी सही केली, खाली मोठी सही केली, आणि म्हणाले, "सही झाली. विषय संपलो."

तोंडी वा लेखी. हे तीन शब्द माझे.

डोळ्यांची गोष्ट आम्हा शिकलेल्या, मोजणाऱ्या दोघांपैकी कुणाच्याच लक्षात आली नाही. ती लक्षात आली मासेवाल्या बाईच्या. कागदानंतर दोन-अडीच आठवड्यांनी ती आमच्या दारासमोरच्या खळ्यात टोपली ठेवून तावातावाने म्हणाली, "भाऊनू, त्या अण्णांका कोणी तरी डॉक्टराकडे न्हेया. आज माका काय म्हणतत, तुझ्या बांगड्याक डोक्याच नाय! मी म्हटलंय, शिरा पडो, मगे ह्या काय आसा? तर एक डोळो मिटून बघतत नि म्हणतत, हयसर धुराळो आसा. मी म्हटलंय दुसरो मिटा. दुसरो मिटलो, तर म्हणतत, आता आसा डोक्या."

दोन मिनिटं. तिला दोन मिनिटं लागली. तिने फक्त दुसरा डोळा मिटायला सांगितला.

मी त्यांना गोव्यात एका डोळ्यांच्या हॉस्पिटलात घेऊन गेलो. माझ्या गाडीतून, कारण दुसरं कोण होतं?  वाटेत गोव्याच्या सीमेवरचा दगड बघून ते म्हणाले, "हो दगड चुकीच्या जागेर आसा."

तिथे बऱ्याच तपासण्या झाल्या. एका यंत्रावर डोळ्याच्या पडद्याचा उभा छेद दिसला. मग एका मुलीने दुसऱ्या यंत्रापुढे बसवलं. "काका, हनुवटी इथे, कपाळ पट्टीला."

"पट्टी तुझी वाकडी आसा."

"असू दे काका, तुम्ही सरळ बसा."

ती मुलगी हुशार होती आणि तिला समजावून सांगायची हौस होती. म्हणाली, यात सुई नाही, शिरेत रंग सोडणं नाही. फक्त निळा उजेड टाकायचा. डोळ्याच्या पडद्यामागच्या पेशींत वयाबरोबर एक प्रकारचा गाळ साठतो आणि त्या उजेडात तो आपला आपण चकाकतो. कॅमेरा तेवढीच चकाकी टिपतो. जिथे करडं दिसतं तिथे पेशी जिवंत. जिथे जास्तच उजळ तिथे त्या त्रासात. आणि जिथे काळं, तिथे वर रक्त साचलेलं असतं, नाहीतर चकाकायला कुणी उरलेलंच नसतं.

उजव्या डोळ्याच्या फोटोत मधोमध काळा डाग होता. वेड्यावाकड्या कडांचा. नकाशावर तळं काढतात तसा.

"ह्याची उत्तर खंय?" अण्णांनी विचारलं. ती गोंधळली. "नकाशार उत्तर दाखवूची लागता. आणि प्रमाण?" तिने प्रमाणपट्टी दाखवली. त्यांना जरा बरं वाटलं. मग डाव्या डोळ्याच्या फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "मगे मधी हयसर पण काळो आसा तो?" ती म्हणाली, तेवढा काळसर ठिपका सगळ्यांच्याच डोळ्यांत असतो, तो निरोगी. अण्णांनी मान डोलावली. "म्हणजे तो गावठाण. आणि ह्यो पोटखराबो." पोटखराबा म्हणजे सातबाऱ्यावर नाव आपलं, पण ज्यात काही पिकत नाही अशी जमीन.

डॉक्टरांनी सांगितलं, वयामुळे होणारा आजार आहे, त्यातला ओला प्रकार. पडद्याच्या मध्यभागाखाली नको त्या रक्तवाहिन्या उगवतात आणि गळतात. पडदा उचलला जातो, म्हणून सरळ रेघ फुगलेली दिसते. लवकर आलं तर डोळ्यात इंजेक्शनं देऊन पुष्कळ वाचवता येतं. दोन्ही डोळे उघडे असले तर महिनोन् महिने लक्षातही येत नाही, चांगला डोळा सांभाळून घेतो. "पण हे कालपरवाचं नाही," त्या काळ्यावर बोट ठेवून ते म्हणाले. "नवीन असताना खालच्या पेशी बऱ्याचदा शाबूत असतात. फोटोत मधला करडा रंग टिकलेला दिसतो. इथे काहीच टिकलेलं नाही. कधीपासून रेघा वाकड्या दिसतायत, काका?"

"रेघो नाय," अण्णा म्हणाले. "गडगो."

"नऊ महिने," मी म्हणालो. "वर अठरा दिवस."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. इतका नेमका आकडा त्यांना कुणी देत नसावं. माझ्या घरी त्या नऊ महिन्यांची वही होती, कुठल्या तारखेला काय बोलले, टेप कितीदा लावला. अकरा वेळा. जगातल्या कुठल्याही रोग्याची पहिल्या लक्षणापासून एवढी चोख नोंद कुणी ठेवली नसेल. आणि ठेवणाऱ्याला ती कशाची नोंद आहे हेच कळलेलं नव्हतं.

उजव्यात फारसं परत मिळणार नाही, तरी तीन इंजेक्शनं देऊ, असं ठरलं. डाव्या डोळ्याने ते तक्त्यावरची शेवटून दुसरी ओळ वाचत होते. डॉक्टर म्हणाले, "आता हा जपायचा. रोज उजवा झाकून एखादी सरळ रेघ बघायची. दाराची चौकट, खिडकीचा गज, काहीही. जरा वाकडी दिसली की त्याच दिवशी मला फोन. त्याच दिवशी. आठवडा थांबायचं नाही."

"गडगो आसा," अण्णा म्हणाले.

"हां, गडगा आहे," मी म्हणालो आणि हसलो.

परत येताना गाडीत ते एकदाच बोलले. "पण सही केलंय मी." मी ती थट्टा समजलो. इतक्या वर्षांत ज्या माणसाने एकदाही थट्टा केली नव्हती, त्याची थट्टा.

तो फोटो त्यांनी ओटीवर गावाच्या जुन्या नकाशाशेजारी टांगला. त्यावर पेन्सिलीने उत्तर दाखवली. काळ्या भागाभोवती चौकडी आखून क्षेत्र काढलं. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत, "ह्यो माझो पोटखराबो." तीन इंजेक्शनं झाली. प्रत्येक वेळी मीच नेलं. पुढची तपासणी तीन महिन्यांनी होती. सकाळी ते दगडावर उभे राहत, आता उजवा डोळा झाकून, आणि मी आंघोळीला जाताना विचारी, "कसो आसा, अण्णा?" ते म्हणत, "सरळ." मला त्या एका शब्दाने बरं वाटायचं. डोळ्यासाठी की गडग्यासाठी, ते मी तेव्हा तपासलं नाही.

मग मे महिना आला. कारखान्यात सीझन संपायची घाई. मी सकाळी लवकर जात होतो, विचारणं राहून गेलं. जाता जाता एवढं दिसलं की अण्णांनी आपली खुर्ची फिरवली आहे. पाठ गडग्याकडे, तोंड विहिरीकडे. मी बायकोला म्हणालो, "म्हातारो सुधारलो. गडग्याकडे बघूचा पण सोडल्यान." हे मी म्हणालो. तिने ऐकलं आहे, त्यामुळे आता नाकारून उपयोग नाही.

एका दुपारी ते आंब्यांची करंडी घेऊन गडग्यापाशी आले. दर वर्षी देत, भांडणाच्या वर्षी सोडून. मी खळ्यात होतो. त्यांनी करंडी नीट दोन्ही हातांनी उचलून गडग्यावर ठेवली आणि हात सोडले. करंडी गडग्यावर नव्हतीच. ती गडग्याच्या त्यांच्या बाजूला, हवेत होती. त्यांच्या पायांवर पडली, हापूस चहूकडे घरंगळले. त्यांना गडगा होता त्याहून वीतभर पुढे आलेला दिसत होता.

मी आंब्यांकडे बघितलं. मग गडग्याकडे. करंडी पडली ती सातव्या चिऱ्यापाशी.

"अण्णा, गडगो कसो दिसता?"

ते वाकून आंबे शोधत होते. हाताने चाचपत.

"अण्णा, मी काय विचारतंय? गडगो कसो दिसता?"

"त्या विषयार माझी सही आसा," ते म्हणाले.

त्या दिवशी मी त्यांच्यावर जेवढा ओरडलो तेवढा आयुष्यात कुणावर ओरडलो नाही. मुलांवर नाही, कारखान्यात नाही. मासेवाली वाटेवर थांबली. बायको धावत बाहेर आली. मी काय काय म्हणालो ते सगळं आठवत नाही. "मेल्या म्हाताऱ्या, डोळो मोठो की सही मोठी?" एवढं आठवतं. ते शांतपणे म्हणाले, "सही." मग हातातला आंबा माझ्या पुढे धरून, "तू घालूक लावलस तोंडी वा लेखी."

मी त्यांना तसंच, बनियनवर, गाडीत घातलं.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून?" मी सांगू शकलो नाही. या वेळी माझ्याकडे आकडा नव्हता. अण्णांनी पायजम्याच्या खिशातून आपली मोजणीची लांबट वही काढली आणि टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी ती उघडली, बघितली, आणि माझ्याकडे सरकवली.

एका पानावर एकोणीस ओळी. पेन्सिलीने, सरकारी पद्धतीने रकाने पाडलेले. तारीख, वेळ, डोळा डावा, चिरा सातवा, फुगवटा. पहिल्या दिवशी पाव इंच. मग अर्धा. मग पाऊण. आठव्या दिवशी दीड. शेवटच्या ओळींत आकडे रकान्याबाहेर जात होते, कारण रकानाच दिसत नव्हता. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी, शेऱ्याच्या रकान्यात, एकोणीस वेळा, दोन शब्द:

'तक्रार नाही.'

त्या मुलीने पुन्हा निळा उजेड टाकून फोटो काढला. डाव्या डोळ्यात मधला भाग अजून करडा होता, फक्त एका कडेला उजळ पट्टा. "जिवंत आहेत," ती म्हणाली, "पण त्रासात आहेत." मी त्या फोटोकडे बघत राहिलो. शिमग्यानंतरच्या त्या सकाळी, गडग्यावरून पहिली हाक आली त्या दिवशी, उजव्या डोळ्याचा फोटो असाच आला असता.

इंजेक्शनं सुरू झाली. डावा डोळा काळा झाला नाही. पण शेवटून दुसरी ओळ गेली ती गेली. वरून तिसऱ्या ओळीपर्यंत ते वाचू शकत. चालता येई, चहा करता येई, माणूस ओळखू येई. वहीतलं बारीक अक्षर दिसत नसे. एकोणीस दिवस आधी आलो असतो तर किती राहिलं असतं, असं मी डॉक्टरांना तीनदा विचारलं. ते म्हणाले, तसं सांगता येत नाही. आधीच्या नजरेचा आकडा मला पाठ आहे, नंतरचा पाठ आहे, मधल्या फरकात त्या दिवसांचा वाटा किती ते कुणी सांगत नाही.

मी कपाटातून तो कागद काढून त्यांच्या ओटीवर गेलो. म्हटलं, "फाडतंय मी ह्यो."

"सही झालेलो कागद फाडतंस? नोंदी ठेवतंस ना तू?" त्यांनी डावा डोळा मिटला. मग उरलेल्या उजव्याने धड काही दिसत नाही हे लक्षात येऊन उघडला. "नवीन लिव."

मग त्यांनी मजकूर सांगितला आणि मी लिहिला. 'गडगा वाकडा दिसल्यास शेजारी तशी तक्रार करील, तोंडी वा लेखी. ती मी त्याच दिवशी, त्याच वेळी, जागेवर येऊन ऐकेन.' सही माझी. त्यांनी साक्षीदार मागितला. मासेवाली तिथेच होती, तिने टोपलीवरचा हात पुसून सही केली आणि म्हणाली, "दोघानूंयची अक्कल मोजूक कोणी यंत्र काढल्यान काय सांगा माका."

त्या दिवसापासून गडगा त्यांना कधीच सरळ दिसला नाही. डाव्यात थोडा फुगवटा कायमचा राहिला होता. त्यामुळे त्यांना रोज तक्रार करायचा हक्क होता आणि तो त्यांनी शेवटपर्यंत एकही दिवस सोडला नाही. सकाळी साडेसहाला, सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात: "रे लगतधारका! गडगो वाकडो आसा!" मी असेन तसा, तोंडात ब्रश घेऊन, बाहेर यायचो.

"किती?"

"सव्वा इंच."

"काल?"

"काल पण सव्वा."

मी त्यांच्याच वहीत लिहायचो, कारण त्यांना आता लिहिता येत नव्हतं. दोनदा आकडा वाढला. दोन्हीदा त्याच दिवशी गाडी काढली, आणि दोन्हीदा वेळेवर पोचलो. शेजारीपाजारी म्हणत, काय हा रोजचा तमाशा. मी वही मिटून आत जायचो.

एक दिवस साडेसहा वाजून गेले आणि हाक आली नाही. पावणेसातला मी गडगा ओलांडून गेलो. झोपेतच गेले होते.

बेळगावहून मुलगी आली, तिने वही मला दिली. आता ती माझ्याकडे आहे. शेऱ्याच्या रकान्यात माझ्या अक्षरात एक हजार एकसष्ट वेळा 'तक्रार आहे' असं लिहिलेलं आहे. मी मोजलं आहे. पण वही उघडली की मी ती पानं उलटत मागे जातो, आणि मागे त्यांच्या अक्षरातल्या त्या एकोणीस ओळी आहेत. मला त्यांचा राग येतो, की एवढा शहाणा माणूस रोज सकाळी उठून स्वतःचा डोळा जाताना मोजत बसला आणि तोंड उघडलं नाही. आणि मग राग तिथून सरकतो, कारण तोंड बंद करणारे तीन शब्द कुणाचे होते हे त्या वहीला नसलं तरी मला माहीत आहे. माझ्या ओळी कितीही असल्या तरी त्यांनी ती एक बेरीज बदलत नाही. एकोणीस.